वही, पेन्सिल आणि मंडाले



पत्रिकेवर ‘लेखनाची सवय’ असा विषय छापला आहे. मी एकाच प्रकारच्या लेखनाविषयी बोलणार आहे. ते कुणाला दाखवायचं नसतं. आपल्याला नेमकं काय वाटतं ते कळावं म्हणून करायचं असतं. डोक्यात विचार आहेत असं आपण म्हणतो. माझं ठाम मत आहे की तिथे बहुतेक वेळा नुसती चुळबुळ असते. कर्ता, कर्म, क्रियापद जुळवायला बसलं की कळतं, काय म्हणायचं होतं; आणि पुष्कळदा कळतं की म्हणायचं काहीच नव्हतं. (हशा)

टिळकांचा १९०८ चा खटला, मंडालेचा तुरुंग, सगळं तुम्हाला शाळेपासून पाठ आहे, ते सोडतो. मला बोलायचंय त्यांच्या वह्यांबद्दल. सुटे कागद मिळत नसत. बांधलेली वही, पानं मोजून आकडे घातलेली. शाई नाही, पेन्सिल, तीही टोक करून दिलेली. १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ उतरलं ते अशा वह्यांत. प्रश्न मात्र जुना. १८७२ मध्ये शेवटच्या आजारात असलेल्या वडिलांना गीतेवरची प्राकृत टीका वाचून दाखवताना तो सोळा वर्षांच्या मुलाला पडला: अर्जुनाला लढायला उभं करण्यासाठी सांगितलेल्या ग्रंथात मोक्षाचं एवढं विवेचन कशाला? पुढे टीका बाजूला ठेवून त्यांनी गीता पुन्हा पुन्हा वाचली, त्यावर व्याख्यानंही दिली. तरी पूर्वपक्ष-उत्तरपक्षासह उत्तर सलग उभं राहिलं ते पेन्सिल हातात आल्यावर, असं मी मानतो.

चिठ्ठी आली आहे: ‘आम्हाला कुठे ग्रंथ लिहायचाय?’ रास्त आहे. म्हणून डार्विनची गोष्ट सांगतो.

१८३८ साल. डार्विन एकोणतीस वर्षांचा. कागदावर दोन रकाने पाडले: लग्न करावं, करू नये. ‘करू नये’खाली काय? हवं तिथे जाण्याची मोकळीक जाईल, नातेवाइकांकडे जावं लागेल, पुस्तकांना पैसे कमी उरतील. ‘करावं’खाली मुलंबाळं, म्हातारपणी सोबत, आणि ही सोबत कुत्र्यापेक्षा तरी बरी! (प्रचंड हशा) पुढच्या रांगेतल्या भगिनींनी रागावू नये, तुलना त्याची आहे, माझी नाही. आणि त्या कागदाला नुसतं हसूही नका. पोटासाठी राबावं लागेल, वेळ वाया जाईल ही धास्ती त्यात उघडी पडली आहे. मनात होती तोवर तिला उत्तर नव्हतं. रकान्यात आली तेव्हा समोर उत्तरही लिहिता आलं. शेवटी भूमितीतल्यासारखं ‘सिद्ध झालं’ लिहून त्याने लग्नाच्या बाजूने कौल दिला. जानेवारी १८३९ मध्ये एमाशी लग्न झालं, दहा मुलं झाली.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, आणि डार्विनचा खरा नियम राहिलाच! आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की तो ती तिथल्या तिथे टिपून ठेवी, कारण अशा गोष्टी अनुकूल गोष्टींपेक्षा लवकर विसरतात हे त्याच्या ध्यानात आलं होतं. तुमच्या वहीचं एक पान त्यासाठी राखा. एवढं केलंत तरी मी आलो ते कारणी लागलं.

शेवटचं. जून १९१४ मध्ये टिळक सुटले, पण सरकारने वह्या लगेच परत केल्या नाहीत. स्नेह्यांना घोर लागला. वह्या सरकारकडे असल्या तरी ग्रंथ माझ्या डोक्यात आहे, सिंहगडावर बसून पुन्हा लिहीन, असं टिळक म्हणाल्याचं सांगतात. वह्या मिळाल्या, १९१५ मध्ये ग्रंथ छापून आला. डोक्यात तो इतका नीट बसला होता, कारण तो एकदा हाताखालून गेला होता.

घंटा झाली. प्रश्न असतील ते उभं राहून विचारू नका. चिठ्ठीवर लिहून पाठवा. (टाळ्या)