रुग्णाचा हक्क



महोत्सवाच्या प्रसंगीं दुखण्याखुपण्याचा विषय कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु आपल्यांतील पुष्कळ घरांचें शेत गहाण पडलें तें इस्पितळाच्या बिलापायीं, म्हणून तो मीं मुद्दाम घेतला आहे.

धर्मादाय इस्पितळांत गरिबास मिळणारी सवलत ही धनिकांची कृपा होय, असा सार्वत्रिक समज आहे. तो खरा नाहीं. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यांत १९८५ सालीं ४१ कक हें कलम घालण्यांत आलें आणि २००६ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें त्याची योजना ठरवून दिली. तदनुसार महाराष्ट्रांतील मोठ्या धर्मादाय इस्पितळांनीं शेंकडा १० खाटा निर्धन रुग्णांसाठीं विनामूल्य, व आणखी तितक्याच दुर्बल घटकांसाठीं सवलतीच्या दरानें राखून ठेवावयाच्या आहेत. खर्चाकरितां इतर रुग्णांच्या बिलांच्या शेंकडा २ इतकी रक्कम निराळ्या निधींत जमा करावयाची असते. शिवाय अशा संस्थांस करांत जी सूट मिळते तिचा भार अखेर प्रजेवरच पडतो. मग घेणाऱ्यानें मान खालीं कां घालावी?

रुग्ण अत्यवस्थ असेल तर अनामत रक्कम मागण्याची मुभा या इस्पितळांस मुळींच नाहीं. प्रथम दाखल करून प्राण सावरावे, मग जरूर तर सार्वजनिक इस्पितळांत पोहोंचवावें, असा दंडक आहे. आणि सरकारी इस्पितळें तरी मोकळीं आहेत काय? १९९२ सालीं बंगालमध्यें आगगाडींतून पडलेल्या एका शेतमजुरास एकामागून एक सरकारी इस्पितळांनीं परत पाठविलें. शेवटीं तो खाजगी इस्पितळांत पदरचे पैसे मोजून बरा झाला. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा जीविताच्या हक्काचा भंग ठरवून २५,००० रुपये भरपाई देवविली, आणि पैशाच्या अडचणीची सबब सरकारास सांगतां येणार नाहीं असें बजावलें.

परंतु मध्यरात्रीं लेंकरूं मांडीवर घेऊन बसलेल्या मातेस कलम कोठून आठवणार! रेशनकार्ड किंवा तहसिलदाराचा उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवावा. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळीं बदलते, ती विचारून घ्यावी. इस्पितळांतील समाजसेवकाची गांठ घ्यावी. नकार मिळाल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कचेरींत लेखी तक्रार करावी. हें एकट्या घाबरलेल्या माणसाचें काम नव्हे. यास्तव प्रत्येक आळींतून दोन लिहितेवाचते तरुण रुग्णासोबत जाण्यास तयार असावेत, अशी माझी विनंती आहे. इच्छुकांनीं आपलीं नांवें आजच, मिस्सानंतर, धर्मगुरूंकडे द्यावीं.