धंद्याचं पॅन कार्ड वेगळं असतं का?

मी मूळचा श्रीपूरचा, नोकरीला पुण्यात, कोड लिहितो. टॅक्सचा वकील नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण गावाकडं गेलो की दोस्त एकच विषय काढतात: "यूट्यूबवर सांगतात, धंद्याचा वेगळा टॅक्स नंबर काढायचा, मग त्या नंबरवर लाखांनी कर्ज मिळतं, आपला सिबिल कसाही असला तरी. आपल्याकडं कसं करायचं?"

ते व्हिडिओ अमेरिकेचे असतात. तिथं ईआयएन नावाचा नंबर सरकार फुकट देतं आणि धंद्याची पत वेगळी मोजणाऱ्या संस्था आहेत. तिथंसुद्धा नुसत्या नंबरवर कुणी पैसे देत नाही, पण ते राहू दे. आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे.

तुमचं पॅन कार्ड काढा आणि चौथं अक्षर बघा. 'पी' असेल. म्हणजे पर्सन, माणूस. कंपनीच्या पॅनवर तिथं 'सी' असतो, भागीदारी फर्मच्या पॅनवर 'एफ'. आता तुम्ही एकटे मालक आहात, दुकानाला पाटी काहीही असो, 'जय हनुमान ॲग्रो' म्हणा, तर कायद्याच्या नजरेत ते दुकान म्हणजे तुम्हीच. त्याला वेगळं पॅन मिळतच नाही. जीएसटी नंबर काढलात तरी तो 15 अक्षरी असतो: सुरुवातीला महाराष्ट्राचे 27 आणि त्यापुढची 10 अक्षरं तुमचंच पॅन.

हे इतकं सविस्तर का सांगतोय? कारण ठिबकचं साहित्य विकणाऱ्या माझ्या एका मित्राकडं एजंटानं "बिझनेस पॅन काढून देतो" म्हणून साडेतीन हजार मागितले. हा एकटा मालक. म्हणजे एजंट दुसरं पॅन काढणार होता, नाहीतर पैसे घेऊन गायब होणार होता. एका माणसानं दोन पॅन ठेवणं बेकायदेशीर आहे, 10,000 रुपये दंड आहे. मित्रानं फोन केला म्हणून वाचला.

मग करायचं काय? पहिलं, उद्यम नोंदणी. 1 जुलै 2020 पासून सुरू आहे, आधार आणि पॅनवर होते, सरकारी पोर्टलवर एक रुपया लागत नाही. गूगलवर वर जाहिरातीत येणाऱ्या साइट 'फी' मागतात, त्या सरकारी नाहीत. पत्ता गव्ह डॉट इननं संपतो का, एवढं बघा.

दुसरं, करंट खातं. बँक धंद्याचे पुरावे मागते: उद्यम, शॉप ॲक्ट, जीएसटी असं काहीतरी. क्यूआर कोड त्या खात्याला जोडा. सेव्हिंग खात्यात उसाचं बिल, दुकानाचा गल्ला, भाच्याच्या लग्नाचा आहेर, सगळं एकत्र पडत असेल तर बँकेच्या साहेबाला त्यातनं काय कळणार? माझं मत विचाराल तर उद्यमच्या सर्टिफिकेटपेक्षा या खात्याचं वर्षभराचं स्टेटमेंट जास्त बोलतं.

जीएसटी सगळ्यांना लागत नाही. फक्त माल विकत असाल तर वर्षाला 40 लाखांपर्यंत, सेवा देत असाल तर 20 लाखांपर्यंत साधारणपणे सूट आहे. दुसऱ्या राज्यात माल पाठवला की नियम बदलतात. घेतलात तर रिटर्न वेळेवर भरा, बँका आता तेच बघतात.

आता सिबिल. एकट्या मालकाचा स्कोअर एकच, 300 ते 900. बुलेटचा हप्ता बाऊन्स झाला तर दुकानाच्या कर्जालाही नडतो. बँकेचं पीककर्ज दिसतं. आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे चुलत्याला जामीन राहिलात तर तेही तुमच्या रिपोर्टमध्ये दिसतं. चारही क्रेडिट कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तेवढा तरी काढून बघा.

भागीदारी फर्म किंवा कंपनी केली की खरंच वेगळं पॅन आणि वेगळी पत तयार होते. पण बँक सुरुवातीला भागीदारांची, डायरेक्टरांची वैयक्तिक हमी मागतेच. म्हणजे स्वतःचा सिबिल लपवायला कंपनी काढत असाल तर खर्च वाया. (ॲप बनवणाऱ्यांसाठी जाता जाता: ॲपलच्या स्टोअरवर संस्थेच्या नावानं खातं काढायला डन्स नंबर लागतो, आणि एकट्या मालकाला वैयक्तिक खात्यावरच भागवावं लागतं.)

छोट्या सुरुवातीला मुद्रा आहे: शिशू 50,000 पर्यंत, किशोर 5 लाख, तरुण 10 लाख, तारण लागत नाही. पण आपल्या भागात अडचण हप्त्याच्या तारखेची आहे. शेतकरी पाइप उधारीवर नेतो आणि कारखान्याचं बिल निघालं की देतो. हप्ता मात्र दर महिन्याच्या 5 तारखेला. म्हणून मी मित्राला सांगितलं, मुदतीचं कर्ज नको, सीसी माग. वापरशील तेवढ्याच रकमेवर व्याज, बिलं आली की भरून टाक. त्यानं सहा महिने करंट खात्यावर व्यवहार केला आणि मग अर्ज दिला. बँकेनं मागितलं त्यापेक्षा कमी मंजूर केलं, पण केलं.

शेवटचं, जे स्वतः माल बनवतात किंवा काम करून देतात त्यांच्यासाठी: फॅब्रिकेशनवाले, दुरुस्तीवाले. उद्यम असेल तर मोठ्या गिऱ्हाइकानं लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे असा कायदा आहे, करार नसेल तर 15 दिवसांत. नुसता व्यापार करणाऱ्याला हा फायदा नाही. तेव्हा बिलावर उद्यम नंबर छापून घ्या, आणि काम घेण्याआधी छापा, नंतर नाही.

प्रश्न व्हॉट्सॲपवर पाठवा. पॅनचा फोटो मात्र पाठवू नका, मलाही नाही.