सडपातळ देह आणि हृदयविकार
(सुवर्णमहोत्सवी आरोग्य व्याख्यानाचा संक्षेप)

 

"मी अंगाने बारीक, निर्व्यसनी, शुद्ध शाकाहारी, मग हा आजार मलाच का?" माझ्या काकांनी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्यानंतर मला हे विचारले. मी तेव्हा वैद्यकीय विद्यार्थी होतो. उत्तर देता आले नाही.

त्या उत्तराचा मोठा भाग पुण्यात सापडला. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३. परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! आयुष्यभर काट्यावर विश्वास ठेवणाऱ्या आपण व्यापाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

अशी चरबी पोटात साठली की इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो, रक्तातील साखर व मेद वाढतात आणि रक्तवाहिन्या अरुंद होत जातात. यात अनुवंशाचा वाटा आहेच. पण सारे जनुकांवर ढकलून चालणार नाही. डॉ. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील बालकांचे ३.५, तरीही त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्यांच्यात ते कमी आणि फोलेट अधिक, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिनचा प्रभाव सर्वांत कमी आढळला.

शाकाहार सोडा, असे मी मुळीच म्हणत नाही. बी-१२ दूध-दह्यातून मिळते. तपासणीत कमी निघाल्यास वैद्यकीय सल्ल्याने गोळी घ्यावी. कॅप्सूलचे वेष्टन बहुधा जिलेटिनचे असते, म्हणून औषध घेताना विचारून घ्यावे. मात्र बी-१२ घेतले की झटका टळतो, असा समज नको. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या परदेशातील मोठ्या चाचण्यांत तसे दिसले नाही.

घरातील शिवणाची टेप काढून कंबर मोजा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेल्यास साखर, रक्तदाब व मेद तपासा. घरात कोणाला लवकर झटका आला असेल, तर कंबर कितीही असो, तपासणी कराच.

काकांचा थोरला मुलगा त्यांच्याहूनही बारीक. पर्युषणानंतर आग्रहाने त्याचे रक्त तपासले. साखर वाढलेली निघाली. आता कांद्याचे लिलाव आटोपले की तो मोटारसायकल ठेवून बाजार समितीतून घरी पायी येतो.