वेशीवरचा नवा पहारा
(सोलापूर येथे विद्यार्थी व पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



आज मला बोलण्यासाठी जो विषय दिला आहे तो आपणांपैकी पुष्कळांस नवा वाटेल. सायबर सुरक्षा या विषयाची पदवी घ्यावी काय, ती घेतल्यावर पुढे काय, आणि तिच्यासाठी कर्ज काढावे काय, असे प्रश्न सोलापुरातील अनेक पालक मला विचारतात. मुलगी बारावी विज्ञानाला असते. कोणी एक गृहस्थ गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन घरी येतो. ‘सायबर’ हा शब्द चार वेळा उच्चारतो, आणि आईबापांची झोप उडवून निघून जातो. त्या माहितीपत्रकाविषयी मला बोलावयाचे आहे. परंतु त्याआधी एका जुन्या कामाची आठवण करून देतो.

आपल्या आजे-पणज्यांपैकी अनेकांनी वेसकरकी केली. गाव निजले की वेस लावावयाची, रात्रभर जागावयाचे, आला-गेला पाहावयाचा. आणि ज्या गावाची राखण करावयाची, त्याच गावाच्या विहिरीवर घागर भरण्याची मुभा नव्हती! मोबदला म्हणजे दारोदार मागितलेली भाकर. हे वतन नसून गळ्यातील लोढणे आहे हे ओळखून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने ती वतने संपली.

तेव्हा आपण मला विचाराल, पुन्हा पहाऱ्याचेच काम आमच्या मुलांस कशाला सांगता? प्रश्न रास्त आहे. जुना पहारा जन्माने लादलेला होता, नवा पहारा परीक्षा देऊन मिळवावा लागतो. त्यास पगार आहे. आणि सर्वांत मोठा फरक असा की, मालकाचे कुलूप कोठे कच्चे आहे हे मालकाच्या तोंडावर सांगणे, हेच या नव्या पहारेकऱ्याचे काम आहे. वेसकराने पाटलास असे सांगितले असते तर काय झाले असते, हे आपणांस मी सांगावयास नको.

हा पहारा कशावर, ते एका घटनेवरून समजेल. २०१८ च्या ऑगस्ट महिन्यात पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून दोन-तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये नाहीसे झाले. कोणी तिजोरी फोडली नाही, कोणी पिस्तूल दाखविले नाही. एटीएममध्ये आपण कार्ड घातले की ते यंत्र बँकेला विचारते : या खात्यात पैसे आहेत काय? चोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरून हा प्रश्न वाटेतच अडविला आणि बँकेच्या वतीने आपणच उत्तर दिले : आहेत, देऊन टाका. त्या खोट्या उत्तरावर २८ देशांतील एटीएममधून नकली कार्डांनी पैसे निघाले. काही तर आपल्या शेजारच्या कोल्हापुरातही निघाले. १३ ऑगस्ट रोजी आणखी सुमारे १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात पाठविले गेले. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांस दोषी ठरविले. विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की अशा व्यवहारांत एटीएमपुढे उभे राहणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्यात सापडतो. दूर बसून यंत्र फोडणारा सहसा सापडत नाही. म्हणून कोणी थोड्या पैशांच्या मोबदल्यात तुमचे बँक खाते ‘वापरावयास’ मागितले, तर त्यास दारातूनच परत पाठवा.

आता हे पैसेवाल्यांचे दुखणे आहे असे समजू नका. आपल्या मुलांची शिष्यवृत्ती आज आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते. माझ्या परिचयाच्या एका घरी असे घडले. मुलीच्या खात्यात रक्कम जमा झाली, आणि तिच्या वडिलांस फोन आला की शिष्यवृत्ती खात्यातून बोलतो आहे, ओटीपी सांगा. त्यांनी तो आदराने सांगितला. हातमागावर आयुष्य काढलेला हा मनुष्य साहेबाच्या आवाजापुढे नमला, आणि वर्षाचे वसतिगृहाचे पैसे गेले. १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करता येते व वेळीच केल्यास पैसे गोठविता येतात, हे त्यांस कळले तेव्हा दोन दिवस उलटले होते. त्या वडिलांना मी दोष देत नाही. कागदावर अंगठा उठवून घेणारा सावकार गेला आणि आकडा विचारून घेणारा आला.

आणि प्रश्न केवळ पैशाचा नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाबरोबर जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार हे सारे संगणकात जाते. आपल्याविषयीची नोंद परक्याच्या हाती असणे म्हणजे काय, हे सोलापूरकरांस वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या भागास आपण अजून ‘सेटलमेंट’ म्हणतो, तेथे गुन्हेगार जमाती कायद्याखाली माणसे तारेच्या कुंपणात ठेवीत आणि त्यांची हजेरी घेत. वहीत नाव असणे हाच गुन्हा होता. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी निकाल दिला की खाजगीपणा हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील मूलभूत हक्क आहे. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संसदेने केला. परंतु हक्क कागदावर लिहिला म्हणजे तो यंत्रात उतरला असे होत नाही. यंत्रात तो उतरविणारी माणसे लागतात, आणि त्यांत आपली मुले असावीत असे मला वाटते.

तर मग शिक्षण कसले घ्यावयाचे? येथे मी माहितीपत्रकाकडे येतो.

ही पदवी अभियांत्रिकीतून घेतल्यास चार वर्षांची असते. काही महाविद्यालयांत ‘संगणक अभियांत्रिकी’ आणि कंसात ‘सायबर सुरक्षा’ असे तिचे नाव असते. काही ठिकाणी याच नावाची बी.एस्सी. असते. चित्रपटात दाखवितात तसे काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे नाचविणे येथे नाही. पहिले वर्ष गणितात आणि प्रोग्रॅम लिहिण्यात जाते. नंतर संगणक आतून कसा चालतो, एका संगणकाचा निरोप दुसऱ्यास कसा पोहोचतो, माहितीचे कोठार कसे रचतात, हे शिकावे लागते. कुलूप तोडण्याच्या गोष्टी त्यानंतर. कुलूप कसे बनते हे ज्यास माहीत नाही तो ते राखणार कसे?

गणिताला भिऊ नका. ६१ आणि ५३ यांचा गुणाकार शाळेतील मूल करील : ३२३३. आता उलट विचारतो. ३२३३ ही संख्या कोणत्या दोन मूळ संख्यांच्या गुणाकाराने झाली? आधी उत्तर सांगितले नसते तर आपण बराच वेळ चाचपडत बसला असता. जोडणे सोपे, सोडविणे कठीण, या साध्या गोष्टीवर रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी १९७७ साली एक कुलूप रचले. आज त्यात सहाशेहून अधिक अंकी संख्या वापरतात, आणि तसली कुलपे जगभर निरोप व व्यवहार राखीत आहेत.

माझे मत स्पष्ट सांगतो. नावात ‘सायबर’ असलेल्या पण प्रयोगशाळा नसलेल्या संस्थेत लाखो रुपये ओतण्यापेक्षा चांगल्या महाविद्यालयातील साधी संगणक अभियांत्रिकीची पदवी घ्यावी, आणि तिसऱ्या वर्षापासून सुरक्षेचे विषय निवडावे. याचे कारण सोलापुरात तरी मला शोधावे लागत नाही. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलमध्ये आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्यांत आपल्या माणसांनी उभी हयात घालविली. एकेकाचा हात असा बसला होता की सुताचा ताण बोटाने कळे. गिरण्या बंद पडल्या, आणि ते कसब घेऊन जाण्यास दुसरे दार राहिले नाही. एकाच यंत्राचे ज्ञान यंत्राबरोबर जाते. आज ज्या साधनाचा गाजावाजा आहे ते पाच वर्षांनी राहील की नाही कोण सांगेल? पाया पक्का असलेला विद्यार्थी नवे साधन महिन्याभरात शिकतो.

पुण्या-मुंबईसच गेले पाहिजे असेही नाही. येथील वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८३ पासून आहे. जिल्ह्याचे स्वतंत्र विद्यापीठ २००४ साली झाले. कोठेही जा, पण फी भरण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारा : पदवी कोणते विद्यापीठ देणार, आणि प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून आहे की संस्थेच्या कोट्यातून. दुसऱ्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्या. कोट्यातून प्रवेश घेऊन शिष्यवृत्तीस मुकलेली मुले मी पाहिली आहेत. जो गृहस्थ घरी येऊन ‘शिष्यवृत्तीचे मी बघतो’ म्हणतो, तो ते कागदावर कधी लिहून देत नाही.

विद्यार्थ्यांनो, एक कडक सूचना. दुसऱ्याच्या संगणकात त्याच्या परवानगीवाचून शिरणे हा २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘मी शिकत होतो’ हा बचाव चालत नाही. जुना संगणक मिळवा, त्यावर लिनक्स घाला, आणि आपलीच वेस फोडून पाहा.

मुलींस हे काम जमेल काय, असे मघाशी एका मातेने विचारले. बाई, हे काम बसून, डोके वापरून आणि चिकाटीने करावयाचे आहे. आपण मुलीस संध्याकाळी दोन तास स्वयंपाकातून मोकळे करा, ती पुढचे बघेल.

शेवटी कागदपत्रांचे. १९९० च्या दुरुस्तीमुळे बौद्धांस केंद्राच्या सवलती मिळतात, पण व्यावसायिक पदवीसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. अनेक घरी मुलाच्या व वडिलांच्या दाखल्यावर केवळ ‘बौद्ध’ असे लिहिले आहे. अशांनी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेचा अथवा महसुली पुरावा शोधावा. तो बहुधा गावच्या शाळेत किंवा तहसील कचेरीत पडलेला असतो. मूल अकरावीत असतानाच त्या कामास लागा. बारावीच्या निकालानंतर पडताळणी समितीच्या दारात रांग लागते, आणि प्रवेशाची तारीख कोणासाठी थांबत नाही. ज्यांचे कागद बार्शी, मोहोळ, पंढरपूर या बाजूस आहेत त्यांनी सभा संपल्यावर मजजवळ नावे द्यावी. चार घरे मिळून एक माणूस पाठविता येईल.