ब्रेक, पाऊस आणि वर्गमूळाचा आलेख

आजच्या भागाला कागद-पेन लागेल. गाडीवर असाल तर हा भाग आत्ता बंद करा आणि घरी पोचल्यावर ऐका. का, ते शेवटी कळेलच.

सुरुवातीला एक कोडं. पावसाळा आहे, रस्ता ओला आहे. दोन बाइक शेजारी-शेजारी चालल्यात. एक ताशी ६० किलोमीटरने, दुसरी ८० ने. पुढे एक ट्रक आडवा आला. दोघांनी एकाच क्षणी, एकाच जागी ब्रेक दाबले. ६० वाली बाइक ट्रकला अगदी टेकता टेकता थांबली. तर ८० वाली ट्रकपाशी पोचेल तेव्हा तिचा वेग किती असेल?

बहुतेक जण म्हणतात, २०. ऐंशीतून साठ गेले, राहिले वीस. सरळ हिशोब. पण हा हिशोब सरळ नाहीये, वाकडा आहे. त्या वाकडेपणाचं नाव आहे वर्गमूळ. आज आपण त्याचा आलेख काढायला शिकू आणि मग ट्रककडे परत येऊ.

आधी पाया. वर्गमूळ म्हणजे उलटा प्रश्न. ३ चा वर्ग ९. मग ९ कोणाचा वर्ग? ३ चा. पण उणे ३ चा वर्गही ९ च येतो ना? बरोबर. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात आपल्या 'बीजगणित' ग्रंथात हेच नोंदवलंय: धन संख्येला दोन मुळं असतात, एक धन आणि एक ऋण, आणि ऋण संख्येला मूळ नसतं, कारण ती कोणाचा वर्गच नसते. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, कोरवून घेतलेला शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. म्हणजे हा विषय परका नाही, घरचाच आहे.

मग √९ लिहिलं की उत्तर ३ की उणे ३? इथे बरीच मुलं अडकतात. √ या चिन्हाचा करार असा आहे की ते फक्त धन मूळ देतं (आणि शून्याचं शून्य). म्हणून √९ म्हणजे ३, बस. 'कोणत्या संख्येचा वर्ग ९ आहे?' असं विचारलं तर उत्तरं दोन. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. करार एकाच उत्तराचा का? कारण फलन म्हणजे एक आकडा आत टाकला की एकच आकडा बाहेर येणार. स्पीडोमीटरला एकच काटा असतो, तसं.

आणि ऋण संख्येचं काय? माझं रोजचं काम कोड लिहायचं. जावास्क्रिप्टमध्ये उणे १ चं वर्गमूळ मागितलं की 'नॅन' मिळतं, म्हणजे 'ही संख्याच नाही'. मग ते नॅन पुढच्या सगळ्या हिशोबात पसरत जातं. पायथन तर एरर फेकून तिथेच थांबतो. म्हणून कोड लिहिताना आधी बघावं लागतं की वर्गमूळाच्या आत ऋण काही जाणार नाही ना. गणिताच्या भाषेत यालाच डोमेन म्हणतात, पुस्तकात 'प्रांत'. वाय = √एक्स या फलनाचा प्रांत म्हणजे शून्य आणि त्यापुढच्या सगळ्या संख्या. मराठीत प्रांत म्हणजे प्रदेश, आणि शब्द चपखल आहे. ह्या हद्दीबाहेर हे फलन राहतच नाही.

आता कागद घ्या. क्ष-अक्ष आडवा, य-अक्ष उभा. एक युक्ती: एक्सला १, २, ३, ४ अशा किमती देऊ नका. √२ म्हणजे १.४१ काहीतरी, √३ म्हणजे १.७३ काहीतरी, उगाच दशांशात गुंतता. पूर्ण वर्ग घ्या:

एक्स ० असेल तर वाय ०
एक्स १ असेल तर वाय १
एक्स ४ असेल तर वाय २
एक्स ९ असेल तर वाय ३
एक्स १६ असेल तर वाय ४

बिंदू मांडा आणि पट्टी न वापरता, हाताने, गोलाईत जोडा. काय दिसलं? रेघ आरंभबिंदूतून जवळजवळ सरळ उभी उठते आणि मग हळूहळू उजवीकडे झुकत जाते. आडव्या पडलेल्या अन्वस्ताचा वरचा अर्धा भाग.

दोन गोष्टी नीट बघा. पहिली, वर चढण्याचा खर्च वाढत जातो. वाय ० वरून १ करायला एक्स फक्त १ ने वाढवावा लागला. १ वरून २ करायला ३ ने, २ वरून ३ करायला ५ ने, ३ वरून ४ करायला ७ ने. दरवेळी पुढची विषम संख्या. दुसरी, आलेख झुकतो म्हणून तो कुठेतरी छताला लागून थांबतो असं समजू नका. वाय १० हवा? एक्स १०० घ्या. वाय १०० हवा? एक्स १०,००० घ्या. वेळ लागतो, पण तो चढतच राहतो.

आता हा आलेख रस्त्यावर नेऊ. शाळेतलं गतीचं समीकरण आठवा: गाडी थांबेपर्यंत वेगाचा वर्ग = २ × ऋण त्वरण × अंतर. म्हणजे वेग हा अंतराच्या वर्गमूळाच्या पटीत. ओल्या रस्त्यावर टायरची पकड साधारण ०.४ धरली, तर ऋण त्वरण ०.४ × ९.८, म्हणजे ३.९२ येतं. दुप्पट केलं की ७.८४, आणि त्याचं वर्गमूळ बरोबर २.८. हे झालं मीटर प्रति सेकंदात. ताशी किलोमीटर करायला ३.६ ने गुणा, १०.०८ येतं. आपण १० धरू. सूत्र काय झालं?

वेग = १० × √अंतर

अंतर म्हणजे ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे मीटर. आता तक्ता तोंडी करता येतो. १ मीटरात १० चा वेग थांबतो, ४ मीटरात २०, ९ मीटरात ३०, १६ मीटरात ४०, ३६ मीटरात ६०, ६४ मीटरात ८०. वेग दुप्पट केला, २० चा ४० केला, की अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं.

मागे लावलेला १० काय करतो? आलेख उभा ताणतो. आकार तोच, फक्त उंच. रस्ता कोरडा असेल, पकड ०.७ धरली, तर १० च्या जागी साधारण १३ येतो. तेवढ्याच अंतरात जास्त वेग आवरता येतो. पाऊस पडला म्हणजे आलेख खाली दबला.

आता आलेख सरकवू. समजा तुम्हाला झेब्रा क्रॉसिंगच्या ४ मीटर अलीकडेच थांबायचंय. मग ब्रेकसाठी मिळणारं अंतर ४ ने कमी झालं: वेग = १० × √(अंतर − ४). आत वजा ४ आहे, पण आलेख उजवीकडे सरकतो. इथे सगळे गोंधळतात: वजा म्हणजे डावीकडे नको का? पाठ करू नका, एकच प्रश्न विचारा: वर्गमूळाच्या आतला भाग शून्य कधी होतो? अंतर ४ असताना. म्हणून आलेख ४ पासून सुरू. त्याआधी आत ऋण संख्या येते, म्हणजे आपलं नॅन.

बाहेर अधिक केलं तर? समजा स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा ५ जास्त दाखवतोय. मग काट्यावरचा वेग = १० × √अंतर + ५. सगळा आलेख ५ ने वर उचलला गेला. थोडक्यात, आतला बदल आडवा सरकवतो, बाहेरचा उभा.

एक परीक्षेतलं उदाहरण करू: वाय = २√(एक्स + १) − ३. आतला भाग शून्य कधी? एक्स उणे १ असताना. तेव्हा वाय उणे ३. हा सुरुवातीचा बिंदू. आता आत पूर्ण वर्ग येतील अशा किमती घ्या. एक्स ० घेतला की आत १, वाय उणे १. एक्स ३ घेतला की आत ४, वाय १. एक्स ८ घेतला की आत ९, वाय ३. चार बिंदू, एक गोलाई, आलेख तयार. प्रांत: एक्स उणे १ किंवा त्याहून मोठा. उत्तरांची रेंज: वाय उणे ३ किंवा त्याहून मोठा. कुठलाही असा आलेख याच तीन पायऱ्यांत येतो: सुरुवातीचा बिंदू शोधा, आत पूर्ण वर्ग आणा, हाताने जोडा.

आता ट्रककडे चला. ट्रकची जागा शून्य धरा. बाइक डावीकडून येतेय, म्हणून तिची जागा ऋण. ट्रकच्या ३६ मीटर अलीकडे असेल तर एक्स उणे ३६. ६० वाली ट्रकपाशीच थांबते, म्हणून तिचा आलेख: वेग = १० × √(−एक्स). आत वजा एक्स दिसला म्हणून घाबरू नका, एक्स स्वतःच ऋण आहे, त्यामुळे आत धनच येतं. हा मूळ आलेखाचा आरशातला प्रकार, डावीकडून उजवीकडे उतरणारा.

८० वालीला ६४ मीटर लागतात. म्हणजे ट्रक नसता तर ती आणखी २८ मीटर पुढे जाऊन थांबली असती. तिचा आलेख: वेग = १० × √(२८ − एक्स). तोच आकार, २८ ने उजवीकडे सरकलेला. पडताळा घ्या. एक्स उणे ३६ असताना आत ६४, वेग ८०. जमलं.

आता एक्सला शून्य द्या. पहिली बाइक: शून्य. दुसरी: १० × √२८, म्हणजे जवळजवळ ५३.

त्रेपन्न, मंडळी. वीस नाही.

ब्रेक दाबताना फरक २० चा होता, ट्रकपाशी ५३ चा झाला. कारण हा आलेख शेवटाला कड्यासारखा कोसळतो. ६० वाल्या बाइकचा अर्धा वेग, ६० ते ३०, उतरायला २७ मीटर गेले. उरलेला अर्धा शेवटच्या ९ मीटरात. वेग सगळ्यात झपाट्याने शेवटच्या थोड्या मीटरांत उतरतो, आणि जास्त वेगाने आलेल्याला नेमके तेच मीटर मिळत नाहीत. ५० आणि ६० ची तुलना स्वतः करून बघा. आत २५ आणि ३६ येतील, फरक ११, आणि √११ म्हणजे ३.३ च्या आसपास. फक्त १० ने जास्त, आणि धडक ३३ ने.

यात मेंदूला लागणारा वेळ मी धरलेलाच नाही. ६० च्या वेगाला एका सेकंदात बाइक जवळजवळ १७ मीटर जाते. मोबाइलवर आलेला मेसेज बघायला दोन सेकंद लागले तर ३३ मीटर, ब्रेकला हात लागायच्या आधीच. म्हणून म्हटलं, गाडीवर असाल तर हा भाग बंद करा.

तुमच्यासाठी गृहपाठ: कोरड्या रस्त्यासाठी १३ धरून ६० आणि ८० चं कोडं पुन्हा सोडवा. ट्रकपाशीचा वेग बदलतो का? बदलत नसेल तर का नाही, ते शोधा. उत्तर कळलं की घरातल्या बाइक चालवणाऱ्याला कागदावर तो आलेख काढून दाखवा.

भेटू पुढच्या भागात. सावकाश जा.