शिक्कामोर्तब आणि बिटकॉइन



 मराठेशाहीतल्या सरकारी कागदावर माथ्याला शिक्का असे आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब. शिवरायांच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ ही अक्षरं आहेत. लेखनाची सीमा ही. यापुढे कुणी ओळ घुसडली तर ती आमची नव्हे. बिटकॉइनला सुरुवातीची काही वर्षं शिक्का होता, मोर्तब नव्हतं. ते मागाहून कसं आणलं, ते आज सांगतो.

बिटकॉइनची सही म्हणजे दोन मोठ्या संख्या. त्या तेव्हा ‘डीईआर’ नावाच्या पद्धतीने मांडत. आधी ३० हा खुणेचा बाइट, मग एकूण लांबी. मग ०२, पहिल्या संख्येची लांबी, ती संख्या. पुन्हा ०२, दुसरीची लांबी, ती संख्या. सत्तर-बहात्तर बाइटांत सही आटोपे.

पण तपासायचं काम ओपनएसएसएल या तयार लायब्ररीकडे होतं आणि तिचा हात सैल होता. सात हा आकडा कुणी ००७ लिहिला तरी ती चालवून घेई. आता गंमत बघा. व्यवहाराचा ओळखक्रमांक तेव्हा सहीसकट सगळ्या मजकुरावरून निघे. वाटेतल्या एखाद्याने सहीत नुसतं एक शून्य वाढवलं, तर पैसे जायचे तिथेच जात, पण पावतीचा नंबर बदले. पाठवणारा जुना नंबर शोधत बसे.

जानेवारी २०१५ मध्ये दुसरीच अडचण आली. ओपनएसएसएलच्या नव्या आवृत्तीने ढिल्या सह्या नाकारायला सुरुवात केली. काही संगणकांवर नवी आवृत्ती, काहींवर जुनी; म्हणजे व्यवहारांच्या एकाच सामायिक वहीच्या दोन वह्या व्हायच्या! आपल्या वहीचा नियम दुसऱ्याच्या हाती होता, हे खरं दुखणं. त्याच महिन्यात बिटकॉइनचे विकासक पीटर वुइले यांनी ‘बिप ६६’ हा सुधारणा-प्रस्ताव मांडला: मांडणी काटेकोर हवी, जादा शून्य नको, शेवटी शेपूट नको.

मग जुन्या ढिल्या सह्यांचं काय? इथे आपल्या चेकची आठवण होते. सीटीएस-२०१० चे चेक आले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने जुने एका दिवसात रद्द केले नाहीत. त्यांचं क्लिअरिंग वेगळं काढलं: जानेवारी २०१४ पासून आठवड्यातून तीनदा, मे महिन्यापासून दोनदा, नोव्हेंबरपासून फक्त सोमवारी. बिटकॉइननेही २०१३ पासून ढिल्या सह्या पुढे पाठवणं थांबवलं होतं. मात्र त्या ब्लॉकमध्ये, म्हणजे वहीत चढणाऱ्या व्यवहारांच्या गठ्ठ्यात, आल्याच तर ग्राह्य होत्या. त्यामुळे बिप ६६ ने दार लावलं तेव्हा उंबऱ्यावर फारसं कुणी उरलं नव्हतं. आधीच्या ब्लॉकना धक्का नाही. नवा नियम जुन्यापेक्षा अरुंद, म्हणून जुन्या सॉफ्टवेअरलाही नव्या सह्या पटतात. शिवाय सही नीट मांडायला सहसा गुप्त किल्ली लागत नाही. संख्या त्याच, लिखावट तेवढी शुद्ध.

अट अशी होती की शेवटच्या १००० ब्लॉकपैकी ९५० वर नव्या आवृत्तीची खूण दिसली की नियम पक्का. ४ जुलै २०१५ ला तो पक्का झाला आणि थोड्याच वेळात घोटाळा झाला. एका खाणवाल्याने, म्हणजे ब्लॉक तयार करणाऱ्याने, जुन्या खुणेचा ब्लॉक काढला. तो बाद व्हायला हवा होता. पण ज्यांनी नव्या नियमाला होकार दिला होता, त्यांच्यातल्याच काही मोठ्या खाणवाल्यांनी वेळ वाचवायला तो न तपासता त्यावर पुढचे ब्लॉक रचले. सहा ब्लॉक वाया गेले. तेव्हा दर ब्लॉकला २५ बिटकॉइनचं बक्षीस होतं, म्हणजे दीडशे बिटकॉइन पाण्यात.

महिनाअखेरीस वुइले यांनी आणखी एक गोष्ट उघड केली. काही चमत्कारिक सह्या ३२ बिट आणि ६४ बिट संगणकांवर वेगवेगळ्या ठरू शकत होत्या. वही मुद्दाम फाडायची सोय त्या ढिलाईतच होती. दार लागेपर्यंत त्यांनी ही फट जाहीर केली नव्हती.

नियमात खोट नव्हती आणि जुन्यांची सोयही नीट लावलेली होती. खोट होती ती खूण उमटवून मोकळं होणाऱ्यांत. मोर्तब करणाऱ्याने आधी कागद वाचायचा असतो, मंडळी.