साखरेचा आजार आणि शेतकऱ्याचे पाय

लातूर-नांदेड भागात सोयाबीन निघालं की रानात टोकदार धसकटं राहतात. धसकट पायात घुसलं की कळ येते, माणूस थांबतो. पण मधुमेह, म्हणजे साखरेचा आजार जुना असेल, तर ही कळच येईनाशी होते. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, रक्तपुरवठाही कमी पडतो. जखम दुखत नाही, आतून मात्र चिघळते. तेव्हा दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं समजू नका.

यासाठी एवढं करा :

१) अनवाणी फिरू नका. बूट-चप्पल झटकून, आत पाहूनच घाला.

२) रोज रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. उजेडात तळवे पाहा. दिसत नसेल तर घरच्यांना पाहायला सांगा.

३) भेगांना तेल लावा, बेचक्यांत नको.

४) शेकोटीवर किंवा कढत पाण्यात पाय शेकू नका. कुरूप ब्लेडने कापू नका.

५) जखमेवर बिब्बा, चुना, रुईचा चीक लावू नका. स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ कापड बांधा आणि लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

पाय सुजला, लाल किंवा काळा पडला, पू आला, घाण वास सुटला, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. नांदेडला विष्णुपुरीत आणि लातूर शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

गोळ्या मनाने बंद करू नका. विडी-तंबाखू सोडा. काढणी दोन दिवस मागं पडली तर भरून निघते; गेलेला पाय परत येत नाही.